छोट्या लाइनचे महाराज



गेल्या महिन्यात सातवीच्या मुलांनी भित्तिपत्रकावर बुडापेस्ट शहरातल्या मुलांच्या रेल्वेची माहिती लावली होती. हंगेरी देशाच्या या राजधानीत टेकड्यांवरच्या जंगलातून सुमारे ११ किलोमीटरची एक छोटी रेल्वे धावते. तिचा पहिला टप्पा १९४८ साली सुरू झाला. तिथे तिकिटे विकणारी, तिकिटे तपासणारी, सिग्नल देणारी आणि गाडी सुटताना सलाम ठोकणारी सगळी मंडळी १० ते १४ वर्षांची शाळकरी मुले आहेत. इंजिन तेवढे मोठ्या माणसाच्या हाती असते. तिच्याही आधी, १९३५ साली, तिबिलिसी शहरात अशी एक रेल्वे मुलांसाठी सुरू झाली होती, आणि मग सोव्हिएत संघातल्या अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला.

मधल्या सुट्टीत भित्तिपत्रकाजवळ उभे असताना एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले की, आपल्या ग्वाल्हेरची छोटी लाइन पण मुलांचीच होती का? तिच्या आजोबांनी तिला सांगितले होते की, महाराजांना लहानपणी गाडीचा खेळ आवडत असे म्हणून त्यांनी ती बांधली. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने लगेच भर घातली की, ती गाडी चांदीची होती आणि जेवणाच्या टेबलावर फिरत असे. तिसऱ्याचे म्हणणे, ते महाराज रेल्वेमंत्री होते.

तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे होते आणि सगळ्यांची खिचडी झाली होती. मुलांना दोष कसा द्यावा? आम्ही स्वतः याच शहरात वाढलो, शिक्षण सारे हिंदी माध्यमात झाले, पदवीपर्यंत इतिहासाची पुस्तके वाचली, पण छोट्या लाइनवर एक पान कधी आमच्या अभ्यासक्रमात आले नाही. तेव्हा त्या मुलीला आम्ही म्हटले की, पुढच्या अंकात लिहू. हा तो लेख.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्या शहराच्या इतिहासात माधवराव शिंदे हे नाव दोन-तीनदा येते. पानिपतानंतर शिंद्यांची दौलत पुन्हा उभी करणारे महादजी, त्यांनाही माधवराव म्हणत. रेल्वेमंत्री म्हणून मुलांना ठाऊक आहेत ते अलीकडचे माधवराव, ज्यांचे २००१ साली विमान अपघातात निधन झाले. ते १९८०च्या दशकात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री होते, आणि त्यांच्याच काळात, १९८८ साली, दिल्लीहून झाशीकडे पहिली शताब्दी एक्स्प्रेस निघाली. आपल्याला बोलायचे आहे ते त्यांच्या आजोबांविषयी. आजोबा आणि नातू एकाच नावाचे, आणि दोघांचाही रेल्वेशी संबंध, म्हणजे घोळ होणारच. त्यात आडनाव मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया आणि इंग्रजीत आणखी निराळे.

हे माधवराव महाराज २० ऑक्टोबर १८७६ रोजी ग्वाल्हेरात जन्मले. वडील जयाजीराव. जयविलास महाल तेव्हा अगदी नवा कोरा होता, इंग्लंडचे युवराज येणार म्हणून नुकताच बांधून झाला होता. मात्र जयाजीरावांच्या मनात एक सल होती. १८५८पासून ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजी फौजेच्या ताब्यात होता. आपल्याच खिडकीतून आपला किल्ला दिसावा आणि त्यावर दुसऱ्याचे निशाण असावे, हे त्यांनी २८ वर्षे पाहिले. शेवटी झाशीच्या बदल्यात १८८६ साली किल्ला परत मिळाला, आणि त्याच वर्षी २० जूनला जयाजीराव वारले. किल्ला परत आल्याचा आनंद त्यांना तीन-चार महिनेच मिळाला.

माधवराव तेव्हा दहा वर्षांचेसुद्धा नव्हते. म्हणजे आपल्या शाळेत असते तर चौथीत बसले असते. गादीवर बसवले गेले, पण राज्य कौन्सिलकडे. पुढची आठ वर्षे कारभार मोठी माणसे पाहत होती आणि बाळराजे अभ्यास करीत होते. आई सख्याराजे यांचा त्यांच्यावर फार जीव, आणि त्यांचाही आईवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता रेल्वे. ती या घराण्यात एकदम उगवली नाही. जयाजीरावांनी १८७२-७३च्या सुमारास इंग्रज सरकारला रेल्वेसाठी मोठे कर्ज दिले होते, आग्रा ते ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख आणि इंदूर ते नीमच मार्गासाठी तितकेच. त्या काळचे ७५ लाख म्हणजे काय, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकांना विचारा. त्या पैशातून मोठी लाइन आली, मुंबई आणि दिल्ली जवळ आली. पण ती गाडी संस्थानाच्या अंगणातून सरळ निघून जात असे. भिंडचा शेतकरी, शिवपुरीचा व्यापारी, श्योपूरकडच्या जंगलातला माणूस, त्यांना ग्वाल्हेर स्टेशनपर्यंत यायलाच बैलगाडीने कित्येक दिवस लागत. पावसाळ्यात तर चंबळ आणि तिच्या उपनद्या वाट अडवून बसत. त्या भागातल्या दऱ्याखोऱ्या, ज्यांना आपण बीहड म्हणतो, पाहिल्या असतील त्यांना वेगळे सांगायला नको.

१५ डिसेंबर १८९४ रोजी माधवरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. वय १८. आणि १८९५च्या सुमारास ग्वाल्हेर शहर आणि आसपासचा भाग जोडणारा सुमारे १४ मैलांचा, म्हणजे २३ किलोमीटरचा छोटा लोहमार्ग टाकला गेला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती एवढे मोठे राज्य आले आणि त्याने आरंभीच्या कामांतच आगगाडी धरली, हे वाचून कुणाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात. आज बारावी झालेल्या मुलाने वडिलांची फटफटी मागितली तरी घरात वाद होतो. महाराजांना इंजिनांचे वेड होते हे खरेच आहे. ते स्वतः इंजिन चालवीत. यंत्र कुठलेही असो, ते उघडून पाहावे, हाताने चालवून पाहावे, असा त्यांचा स्वभाव. विनोदी आणि व्रात्यही होते, एप्रिल फूलच्या दिवशी दरबारातल्या मंडळींची धडगत नसे. म्हणजे आजोबांनी नातीला सांगितले ते अगदीच खोटे नाही. सुरुवात हौसेने झाली.

पण हौस आणि उपयोग यांचा मेळ कसा बसला, हे समजायला रुळांची रुंदी पाहावी लागेल.

मुलांनो, दप्तरातल्या दोन फूटपट्ट्या काढा आणि एकापुढे एक ठेवा. झाली छोट्या लाइनची रुंदी, दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. मोठ्या लाइनला साडेपाच फूटपट्ट्या लागतील, ती १६७६ मिलिमीटर. आपल्यापैकी जे सुट्टीत मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जातात त्यांनी नेरळहून माथेरानची गाडी पाहिली असेल. तिचीही रुंदी हीच, आणि दार्जिलिंगच्या गाडीचीही हीच. रूळ अरुंद असले की वळण आखूड घेता येते, डोंगर किंवा नाला आला तर फोडण्याऐवजी वळसा घालता येतो. रूळ वजनाने हलके चालतात, मातीचा भराव कमी लागतो, पूल अरुंद पुरतो. थोडक्यात, मोठ्या लाइनला लागणाऱ्या पैशाच्या कितीतरी कमी पैशात गाडी गावापर्यंत जाते. दोष एवढाच की वेग कमी, डबे लहान, आणि माल मोठ्या लाइनवर चढवायचा तर ग्वाल्हेरला सारा उतरवून हमालांकडून पुन्हा भरावा लागे. त्या वेळच्या हिशेबाने हा दोष चालण्यासारखा होता. जिथे गाडीच नाही तिथे हळू गाडी चांगली.

माथेरानची गाडी जेमतेम २१ किलोमीटर चढते आणि पर्यटकांसाठी चढते. दार्जिलिंगची ८८. ग्वाल्हेरची छोटी लाइन किती वाढली ते पाहा. १८९९ साली भिंड आणि शिवपुरी या दोन्ही बाजूंना गाडी गेली. भिंड सुमारे ८५ किलोमीटर, शिवपुरी सुमारे १२०. शिवपुरीला तेव्हा सिप्री म्हणत. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ग्वाल्हेरला आले होते. मग तिसरा फाटा पश्चिमेकडे निघाला, १९०४च्या जानेवारीत जौऱ्यापर्यंत, त्याच वर्षअखेरीस सबलगढला, १९०८मध्ये वीरपूरला आणि १५ जून १९०९ रोजी श्योपूरला. हा एकटा फाटा जवळजवळ २०० किलोमीटरचा. दोन फुटी रुळांवरच्या जगातल्या लांब सलग धावांपैकी ही एक होती, असे रेल्वेचे जाणकार मानतात. तिन्ही फाटे मिळून ४०० किलोमीटर झाले. खेळणे म्हणावे तर एवढे मोठे खेळणे कुणी पाहिले आहे!

आणि काळ कोणता होता? १८९९-१९०० म्हणजे विक्रम संवत १९५६. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही छप्पनिया अकाल हा शब्द येतो. राजपुताना आणि माळव्यात पाऊस पडला नाही, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. दुष्काळात धान्य देशात कुठेतरी असतेच, पण ते भुकेल्या गावापर्यंत पोहोचत नाही, कारण बैलांनाच चारा नसतो. बैलगाडीचा बैल वाटेत खातो, इंजिन फक्त कोळसा आणि पाणी मागते. हे गणित ज्या राजाला पंचविशीच्या आत कळले, त्याची रेल्वेची हौस आम्हाला निव्वळ हौस वाटत नाही. १९०५ साली त्यांनी गुरांचा मेला भरवायला सुरुवात केली, तीही शेतकऱ्याला चांगली जनावरे मिळावीत म्हणून. तोच आपला ग्वाल्हेरचा मेला. दर थंडीत आपण तिथे झुले आणि खजला यांच्या मागे धावतो, पण मूळ प्रश्न बैलांचा होता.

चांदीच्या गाडीविषयी मुलांना फार उत्सुकता असते, म्हणून तिचेही सांगू. जयविलासच्या मोठ्या भोजनगृहात लांबलचक टेबल आहे आणि त्यावर छोटे रूळ आहेत. त्यावरून विजेवर चालणारी चांदीची गाडी फिरत असे. इंजिनामागे सात डबे, आणि घराण्याच्या इंग्रजी नावाची सात अक्षरे एकेका डब्यावर एक. जेवण झाल्यावर ती गाडी पाहुण्यांसमोरून फिरे, कुणी डब्यातले काचेचे भांडे उचलले की जागीच थांबे आणि परत ठेवले की चालू लागे. भांड्यांत बहुधा मद्य असे. शाळेच्या सहलीत वाटाडे सुकामेवा सांगतात, तेही खोटे नाही, पण आम्ही मुलांपासून का लपवावे? विजेचे मंडल तुटले की गाडी थांबते, एवढे विज्ञान आठवीच्या मुलांना समजते. ही गाडी इंग्लंडात बनवून घेतलेली होती. ती आजही महालातल्या संग्रहालयात आहे.

पालकांपैकी एकाने मागे आम्हाला विचारले होते की, प्रजा उपाशी आणि राजाच्या ताटापुढे चांदीची गाडी, याचे कौतुक मुलांना कशाला सांगता? प्रश्न योग्य आहे. चांदी असो की लोखंडी रूळ, पैसा शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातूनच आला. त्या काळच्या राजांना हिशेब विचारणारे कुणी नव्हते, इंग्रज सोडून. आमचे मत विचाराल तर आम्ही दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहतो. एक टेबलावर गोल फिरून जिथल्या तिथे येत होती. दुसरी कैलारसच्या माणसाला ग्वाल्हेरच्या दवाखान्यात आणत होती. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या. संस्थानिकांपैकी पुष्कळांच्या घरी पहिल्या प्रकारचीच गाडी होती.

बाकी आयुष्य थोडक्यात सांगतो, नाहीतर संपादक शिक्षिका आमची पाने कापतील. १९००-०१मध्ये चीनमधल्या बंडाच्या वेळी महाराजांनी ग्वाल्हेर नावाचे रुग्णालय-जहाज दिले आणि स्वतःही तिकडे जाऊन आले. पहिल्या महायुद्धात पुन्हा संस्थानिकांच्या वतीने एक रुग्णालय-जहाज निघाले, त्यात महाराजांचा पुढाकार होता. त्याचे नाव लॉयल्टी, म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपल्यावर हेच जहाज वालचंद हिराचंद आणि त्यांच्या साथीदारांनी विकत घेतले. वालचंद मूळ सोलापूरचे. आपल्या नव्या कंपनीला त्यांनी सिंधिया हे नाव दिले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. भारतीय मालकीच्या जहाजाचा तो प्रवास इतका महत्त्वाचा मानतात की ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन झाला. इंग्रजांवरील निष्ठेचे नाव लावलेले जहाज इंग्रज कंपन्यांशी टक्कर द्यायला निघाले, ही गंमत आम्हाला फार आवडते.

कारण महाराज स्वतः इंग्रजांचे एकनिष्ठ मित्र होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांना मुलगी झाली तेव्हा तिच्या कमलाराजे या नावाला मेरी जोडले, आणि मुलगा झाला तेव्हा जिवाजीराव या नावाला जॉर्ज. इंग्लंडचे राजाराणी त्या वेळी जॉर्ज आणि मेरी होते. आज हे वाचून हसू येते. राजाने आपल्या हौसेची माणसे आणि आपल्या सोयीचे सत्ताधारी दोन्ही सांभाळले, एवढेच म्हणता येईल.

शिक्षणात मात्र त्यांचे ऋण मोठे आहे. सरदारांच्या मुलांची जी शाळा त्यांनी १८९७ साली सुरू केली, तीच आजची सिंधिया स्कूल, आणि ती किल्ल्यावर इंग्रज फौज ज्या बराकींत राहत असे, तिथे आहे. वडिलांनी २८ वर्षे ज्या बराकींकडे पाहत हळहळ केली, तिथे मुलाने फळा आणि बाके मांडली. व्हिक्टोरिया कॉलेजच्या इमारतीचे उद्घाटन १८९९ साली झाले, आज ते महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने आहे आणि अटलबिहारी वाजपेयी तिथेच शिकले. १९१८मध्ये पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय निघाले. ग्वाल्हेरचे गायन तोवर घराण्याघराण्यांत, वडिलांकडून मुलाकडे जात होते. ते फळ्यावर लिहून, तास लावून, परीक्षा घेऊन शिकवायचे हा विचार पुष्कळ बुजुर्गांना रुचणारा नव्हता. राजाश्रय नसता तर तो टिकला नसता. राजाभैया पूछवाले यांच्यासारखे गवई भातखंड्यांची पद्धत शिकून आले आणि इथे शिक्षक झाले.

चुकाही झाल्या. तिघरा धरणाची भिंत १९१७ साली फुटली. मोठ्या हौसेने, नव्या पद्धतीचे दरवाजे बसवून बांधलेले धरण पहिल्याच मोठ्या पावसात गेले आणि खाली हाहाकार झाला. पुढे ते पुन्हा उभारले गेले आणि आज आपल्या घरी नळाला जे पाणी येते ते तिघऱ्याचेच. यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्या राजाला पायाखालच्या जमिनीने दगा दिला.

५ जून १९२५ रोजी महाराज पॅरिसमध्ये वारले. वय ४८. जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचे व्हायला तीन आठवडे कमी होते. वडील गेले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते, आणि ते स्वतः गेले तेव्हा त्यांचा मुलगाही जवळजवळ तेवढाच. पुन्हा कौन्सिल, पुन्हा गादीवर शाळकरी पोर.

शिवपुरीला महाराजांनी उन्हाळ्याची राजधानी केले होते. तळी, बागा, कोठ्या सगळे तिथे त्यांच्या मनासारखे झाले. आई सख्याराजे यांची छत्री त्यांनी तिथेच बांधली, आणि आता तिच्या समोर त्यांचीही संगमरवरी छत्री आहे. मायलेक एकमेकांकडे तोंड करून आहेत. मूर्तींची सेवा जिवंत माणसांसारखी होते, संध्याकाळी गाणे होते. छोट्या लाइनचा एक फाटा त्या शिवपुरीपर्यंत जात असे, तो केव्हाच उखडला गेला.

छोटी लाइन १९५१ साली भारत सरकारच्या मध्य रेल्वेत आली. भिंडला पुढे मोठी लाइन झाली, आणि २०१६पासून ती इटाव्याला जोडली गेली. श्योपूरची गाडी मात्र चिवट निघाली. आम्ही १९८०च्या दशकात, कॉलेजात असताना, मित्राच्या बहिणीच्या लग्नाला तिने कैलारसला गेलो होतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून वरातीतले तरुण सारे छपरावर, आणि आम्हीही. गाडी किल्ल्याच्या बाजूने, घोसीपुरा आणि मोतीझील करीत, घरांच्या ओट्यांना घासून निघाली. चढ आला की मुले उतरून शेजारी चालत आणि पुन्हा चढून बसत. सुमावलीला कुणीतरी पेरूची टोपली छपरावर दिली आणि पैसे खालून मागितले. घरी आल्यावर छपरावर बसल्याबद्दल वडिलांकडून जो प्रसाद मिळाला तो इथे लिहीत नाही. विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण करू नये. २०० किलोमीटरला दहा-अकरा तास लागत, पण वाटेतल्या गावांना तीच एक गाडी होती. आजारी माणूस, परीक्षेला निघालेला मुलगा, माहेरी निघालेली लेक, सगळे तिनेच.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली आणि पुन्हा निघाली नाही. दोन फुटी रूळ काढून त्या जागी मोठी लाइन टाकण्याचे काम सुरू झाले, आणि २०२३ साली ग्वाल्हेरहून सुमावलीपर्यंत मोठ्या लाइनची गाडी सुरू झाली. तिकडच्या लोकांना ती हवीच होती. वेग, आराम, थेट दिल्लीला जोडणारी वाट, हे कुणाला नको? छोटी लाइन वाचवा म्हणणारे आम्ही शहरातले लोक. आम्हाला ११ तास त्या लाकडी बाकावर बसून रोज जायचे नव्हते.

तर मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. बुडापेस्टला मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली खरी रेल्वे चालवतात, पण ती रेल्वे मुलांना शिकवण्यासाठी आहे. ग्वाल्हेरला उलट झाले. एका कोवळ्या वयाच्या मुलाने, देखरेख संपल्याबरोबर, स्वतःच्या हौसेने रेल्वे काढली, आणि ती सव्वाशे वर्षे मोठ्या माणसांच्या उपयोगी पडली. तिकीट विकणारे, सांधे बदलणारे, हिरवा कंदील दाखवणारे सगळे मोठेच होते. मुलांची ती नव्हती. मुलाची होती, सुरुवातीला.

जाता जाता एक सूचना. हा लेख लिहितो आहोत हे कळल्यावर एका आजोबांनी ग्वाल्हेर ते जौरा प्रवासाचे जाड पुठ्ठ्याचे जुने तिकीट शाळेला आणून दिले आहे. कोपऱ्यावर पंचाची खूण आहे. ते ग्रंथालयात काचेखाली ठेवले आहे, शनिवारी दुपारी १२ ते २ या वेळात पालकांनाही पाहता येईल. आणखी कुणाकडे छोट्या लाइनचे तिकीट, फोटो, पासबुक, घरातल्या रेल्वे कर्मचाऱ्याचा कंदील किंवा शिट्टी असेल तर कार्यालयात नोंद करावी. वस्तू परत मिळतील. सातवीच्या वर्गाने काचेशेजारी दोन फूटपट्ट्या मांडून ठेवल्या आहेत, त्या कृपया कुणी उचलू नयेत.